आकडेमोडीची वाट सुकर करणारा गणिती

अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावरील कोळी होडी लोटतो तेव्हा मासळी कोठे लागेल, याचा अंदाज त्याच्या मनात असतो. पहिले जाळे रिकामे आले की तो अंदाज बदलतो. पण वर्षानुवर्षांचा अनुभव टाकून देत नाही. पूर्वानुभव आणि नवा पुरावा यांची अशी सांगड गणिताने घालण्याची रीत इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बेज यांनी मांडली. त्यांचा निबंध मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. रीत सोपी, पण तिची आकडेमोड महाकठीण. हे ओझे हलके करणाऱ्यांत कोल्हापूरचे डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

१५ सप्टेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या हुजूरबाजार यांना केंब्रिजमध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज हे गुरू लाभले. बहुतेक संख्याशास्त्रज्ञांनी बेज यांच्या रीतीकडे पाठ फिरवली असताना जेफ्रीज यांनी १९३९ च्या ग्रंथात तिचा पाया नव्याने रचला होता.

शेकडो निरीक्षणांतील सारी माहिती मोजक्या आकड्यांत केव्हा सामावते, याचा हुजूरबाजार यांनी सखोल शोध घेतला. असा पुरेसा सारांश हाती आला की जुना अंदाज सुधारणे कागद-पेन्सिलीनेही शक्य होते. अनेक अज्ञात राशी एकमेकींपासून सुट्या कशा कराव्यात, याचा विचार त्यांनी १९५० मधील निबंधात केला. त्यामुळे एका मोठ्या गणिताची लहान गणिते होतात. डेव्हिड कॉक्स व नॅन्सी रीड यांनी १९८७ मध्ये हाच धागा पुढे नेला.

१९५३ मध्ये पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राच्या विभागाची धुरा हुजूरबाजार यांनी स्वीकारली. त्याच वर्षी अमेरिकेत लॉस अलामॉस येथे मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांनी संगणकाला यादृच्छिक पावले टाकायला लावून अवघड गणिते सोडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दोन्ही वाटा तेव्हा परस्परांना अनोळखी होत्या.

केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक (१९६०) आणि पद्मभूषण (१९७४) हे सन्मान मिळवून हुजूरबाजार १९७६ नंतर अमेरिकेत अध्यापनात रमले. १९९० मध्ये गेलफंड आणि स्मिथ यांनी यादृच्छिक पावलांची ती पद्धत बेज यांच्या रीतीसाठी खुली केली आणि दोन शतकांची कोंडी फुटली. पुढच्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १९९१ रोजी हुजूरबाजार यांचे निधन झाले. त्यांच्या दोन्ही कन्यांनीही संख्याशास्त्राचाच मार्ग धरला.

आज संगणक लक्षावधी पावले क्षणात टाकतो. मात्र अज्ञात राशी एकमेकींत गुंतलेल्या असल्या की तोही अडखळतो. तो गुंता आधी सोडवावा, ही हुजूरबाजार यांची शिकवण म्हणूनच आजही उपयोगी पडते.