वावरातल्या दोरीमागचा माणूस : डॉ. पांडुरंग सुखात्मे

सोयाबीन सोंगणीला आलं की कौंडण्यपूरच्या शिवारात आणि तिवसा तालुक्यातल्या इतर गावांत कुणाच्या तरी वावरात सरकारी माणसं येतात. तलाठी असेल, ग्रामसेवक असेल, नाहीतर कृषी सहायक. सोबत दोरी, खुंट्या आणि वजनकाटा. वावरातला एक तुकडा मोजतात, तेवढंच पीक कापतात, मळतात, तोलतात, आणि आकडा मोबाईलच्या ॲपमध्ये भरतात. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. अशा मोजक्या प्रयोगांच्या सरासरीवर पूर्ण महसूल मंडळाचं उत्पन्न ठरतं. राज्यात पीक विम्याची भरपाई ठरवताना हा आकडा धरला जातो. म्हणजे शेजारच्या गावातल्या त्या एका तुकड्याचं वजन तुमच्या खात्यापर्यंत पोचतं.

ही पद्धत देशभर रुजवणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव एका मराठी गणितज्ञाचं आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. खटाव तालुक्यातलं हे गाव, कमी पावसाच्या पट्ट्यातलं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ मध्ये गणित घेऊन पदवी झाली आणि पुढच्या वर्षी ते लंडनला गेले. युनिव्हर्सिटी कॉलेजात तेव्हा संख्याशास्त्रातली जगातली मोठी माणसं एकाच इमारतीत होती. फिशर, नेमन, पीअरसन. त्यांचं आपसात फारसं पटायचं नाही, पण शिकणाऱ्याला दोन्हीकडून शिकायला मिळालं. थोडे नमुने घेऊन मोठ्या समूहाचा अंदाज कसा बांधायचा, यावर नेमन काम करत होते. सुखात्म्यांनी १९३५ मध्येच त्यात आपली भर घातली. १९३६ मध्ये पीएच.डी. झाली, १९३९ मध्ये डी.एससी.

१९४० मध्ये ते दिल्लीला शेती संशोधन परिषदेत, आजच्या आयसीएआरमध्ये, संख्याशास्त्रज्ञ म्हणून लागले. लगेच दुसऱ्या महायुद्धाची टंचाई आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ. देशात धान्य किती पिकतं, हेच सरकारला नीट ठाऊक नव्हतं. कारण आकडा यायचा आणेवारीतून. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. गावचा कारभारी धुऱ्यावर उभा राहून नजर टाकणार आणि औंदा आठ आणे, दहा आणे असं सांगणार. तो माणूस खोटा असायचा असं नाही. पण दरवर्षी जपून बोलायची सवय आणि सारा वाढायची धास्ती मनात असली की नजर खाली झुकतेच. आणि एकदा नजरेवर सोपवलं की चूक किती झाली हेही कळत नाही.

सुखात्म्यांनी नजर बाजूला ठेवून चिठ्ठी आणली. तालुक्यातली गावं चिठ्ठीने काढायची, गावातला सर्व्हे नंबर चिठ्ठीने, आणि वावरातली जागाही तशीच. एका कोपऱ्यापासून लांबीकडे इतकी पावलं, रुंदीकडे इतकी, तिथे खुंटी. पीक चांगलं दिसतं म्हणून नाही, जवळ आहे म्हणूनही नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच. फक्त शित भांड्यात कुठलं निघेल हे आपल्या हातात नसलं पाहिजे. तसं झालं तर काहीशे वावरांवरून पूर्ण जिल्ह्याचं सांगता येतं, आणि अंदाज किती पुढेमागे होऊ शकतो हेही गणिताने काढता येतं. नजरेच्या अंदाजात ही दुसरी गोष्ट कधीच मिळत नव्हती.

यात वऱ्हाडाचा वाटा मोठा आहे. कापसाचे सुरुवातीचे मोठे प्रयोग १९४० नंतरच्या पहिल्या वर्षांत अकोला जिल्ह्यात झाले. ते काम विनायक गोविंद पानसे आणि कळमकर यांनी केलं. कापूस गव्हासारखा एकदाच कापून मोकळं होता येत नाही. दोन-तीन वेचण्या होतात आणि दरवेळी त्याच तुकड्यावर यावं लागतं. म्हणून कापसात ही पद्धत टिकली याला वजन होतं. पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिलेलं शेतीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये निघालं, आणि कृषी शिकणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या त्यावर तयार झाल्या.

मग वाद झाला तो तुकडा केवढा घ्यायचा यावर. कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस हेही याच कामात होते आणि छोटे गोल तुकडे घ्यायचे. काम लवकर होतं, जास्त जागी जाता येतं. सुखात्म्यांनी एकाच वावरात लहान-मोठे तुकडे कापून पाहिले, तर लहान तुकड्यात पीक खऱ्यापेक्षा जास्त निघत होतं. कारण साधं आहे. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की हात ते आतच ओढतो. दोन बाय दोन मीटरच्या तुकड्यात चौरस मीटरमागे दोन मीटर कड येते. दहा बाय पाचच्या तुकड्यात ती साठ सेंटिमीटरच येते. कड जास्त तिथे चूक जास्त.

माणसं कुणाची घ्यायची यावरही मतभेद होते. महालनोबिस आपली वेगळी प्रशिक्षित माणसं पाठवायचे, सुखात्म्यांनी महसूल आणि कृषी खात्याचीच माणसं शिकवून घेतली. त्यामुळे खर्च कमी झाला आणि पद्धत गावोगाव पोचली. पण सरकारचाच माणूस मोजणार, मग भरवसा किती, हा महालनोबिसांच्या बाजूचा मुद्दाही पोकळ नव्हता. विम्याच्या वादात तो आजही उठतो.

१९५० नंतर सुखात्मे रोमला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते १९७० पर्यंत प्रमुख होते. तेव्हा जगातली दोनतृतीयांश माणसं उपाशी आहेत असं मोठी माणसं बोलत होती. सुखात्म्यांनी हिशोब मांडला आणि १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे ठेवला. पोटाला कमी मिळणारे १० ते १५ टक्के, आणि निकृष्ट खाणारे धरले तर एकूण तिसरा हिस्सा ते निम्मे. संघटना उपाशी लोकांची मोजणी आजही त्यांच्याच वाटेने करते. प्रथिनांची ओरड चालू होती तेव्हाही ते हेच सांगत राहिले, की भाकरी-वरण पोटभर मिळालं तर प्रथिनं बहुतेक भागतात. खरी कमी पोटभर मिळण्याची आहे.

पुण्यात परतल्यावर मात्र ते टीकेचे धनी झाले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोजच्या २२५० कॅलरींवरून गरिबी मोजली होती. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं. म्हणून सरासरीच्या खालच्या प्रत्येकाला उपाशी मोजणं चूक. गणित म्हणून यात तथ्य होतं. पण गरिबाचं शरीर जुळवून घेतं म्हणजे कमी वाढतं, कमी काम करतं, आणि अशा आकड्याने सरकारला गरीब कमी दाखवायला सोय होते, असं दांडेकरांसह अनेकांनी बजावलं. ही धास्तीही खरी होती. शुद्ध पाणी नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, यावरही सुखात्म्यांचा भर होता. ते त्या गदारोळात मागे पडलं.

१९६३ मध्ये त्यांना रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचं गाय पदक मिळालं, १९७१ मध्ये पद्मभूषण. २८ जानेवारी १९९७ रोजी ते गेले. महालनोबिसांचा जन्मदिवस २९ जून देशात सांख्यिकी दिवस म्हणून पाळतात. सुखात्म्यांच्या नावाने केंद्र सरकार संख्याशास्त्रज्ञांना राष्ट्रीय पुरस्कार देतं.