व्याकरणवाले लिंडली मरे

सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स या त्रिकुटाने आपल्याला शाळेपासून छळलंय. पण ही वाक्यांची भानगड शाळाशाळांतून पोचवणारे लिंडली मरे ना प्राध्यापक होते, ना पंडित. ते वकील होते.

जन्म १७४५ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात. घर क्वेकर पंथाचं, वडील मोठे व्यापारी आणि शिस्तीला भारी कडक. एकदा शिक्षा झाली म्हणून हा मुलगा घर सोडून थेट न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनच्या बोर्डिंग शाळेत जाऊन राहिला! वडिलांना तो पेढीवर हवा होता, त्याने कायदा निवडला. पुढे मरेंनी न्यूयॉर्कला वकिली केली, मग व्यापारातही चांगला पैसा केला. पण पायांतली ताकद जाऊ लागली. तब्येतीसाठी १७८४ साली ते पत्नी हॅनासह इंग्लंडला गेले आणि यॉर्कजवळ होल्गेटला राहिले. परत जाणं झालंच नाही. शेवटची सोळा वर्षं तर घराबाहेरही पडता आलं नाही.

यॉर्कला क्वेकर मुलींची एक शाळा होती. मुलींना जमेल असं व्याकरण लिहून द्या, अशी गळ तिथल्या शिक्षिकांनी घातली. १७९५ मध्ये पुस्तक निघालं. त्यात नवीन सिद्धान्त फारसा नाही. बिशप लाउथ वगैरेंकडून घेतलेलं पुष्कळ आहे आणि मरेंनी ते लपवलेलंही नाही. मला वाटतं, त्यांची करामत मांडणीत आहे.

त्यांच्याकडे वाक्यं दोनच प्रकारची, साधी आणि संयुक्त. आज आपण ज्याला मिश्र वाक्य म्हणतो, तेही संयुक्तातच. परीक्षेत जिथे गोची होते ते मात्र त्यांच्याच आयुष्यावरून समजून घेता येतं. मरेंनी अमेरिका सोडली आणि होल्गेटला घर घेतलं: कर्ता एकच, क्रियापदं दोन. हे संयुक्त विधेय, इंग्रजीत इथे सहसा स्वल्पविराम नको. मरे घरात अडकून पडले आणि पुस्तक समुद्रापार गेलं: इथे दुसऱ्या क्रियापदाला स्वतःचा कर्ता आहे. हे संयुक्त वाक्य, ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा. ‘आणि’ दिसला की संयुक्त वाक्य, असं नाही बरं का. आधी कर्ते मोजा.

पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. त्या पैशातलं मरेंनी स्वतःला काही ठेवलं नाही, सगळं धर्मादायाला दिलं. १८२६ मध्ये ते होल्गेटलाच वारले. दहा वर्षांनी, १८३६ साली, मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापून आलं. त्याची धाटणी मरेंच्या पुस्तकाची होती.