जोतीरावांचे सोबती

वैनगंगेच्या काठी, पुण्यापासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हां बालाघाटकरांस महात्मा जोतीराव फुले मुलींच्या शाळेमुळे ठाऊक आहेत. ती शाळा कोणाच्या आधाराने उभी राहिली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

जोतीरावांचा जन्म पुण्यात 1827 साली झाला. मातोश्री चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच निवर्तल्या. वडील गोविंदराव फुले व भाजीपाला विकीत. मुलगा शाळेत रमू लागला, तोच कोणी हितचिंतक म्हणविणाऱ्याने त्यांचे कान भरले. शिकून पोरगा शेतीच्या कामास निकामी होईल, असे त्यांच्या मनात भरविले. झाले, मुलाची शाळा सुटली! पुढे गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब या दोन परिचितांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि 1841 साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. कान भरणाऱ्याचे नाव आज कोणी घेत नाही.

या शिक्षणकाळात सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर व सखाराम यशवंत परांजपे हे मित्र त्यांस लाभले. तिघेही ब्राह्मण. 1848 साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून घोर अपमान झाला. एखादा तरुण त्या दिवसापासून साऱ्या ब्राह्मण मित्रांशी बोलेनासा झाला असता, आणि त्यास दोष देणे आम्हांस तरी कठीण गेले असते. जोतीरावांनी जातिभेदावर जन्मभर आघात केले. परंतु गोवंड्यांस अंतर दिले नाही. त्यांच्याच सोबतीने त्यांनी अहमदनगरची मिस फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली, आणि 1848 सालीच पुण्यात भिड्यांच्या वाड्यात स्वतःची शाळा काढली. वाडा तात्यासाहेब भिड्यांचा, शिकविणाऱ्या सावित्रीबाई.

1849 साली लोकांच्या दडपणामुळे गोविंदरावांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले. शाळा सोडली असती तर घर राहिले असते. उभयतांनी घर सोडले. त्या समयी उस्मान शेख यांनी त्यांस आसरा दिल्याचे सांगतात.

मतभेद झाला म्हणून माणूस तोडावा, असाही त्यांचा बाणा नव्हता. 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची आरंभीची प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’त छापली गेली व पुढली अडली. जोतीराव याबद्दल पुष्कळ रागावले. तरी 1888 च्या मे महिन्यात मुंबईत त्यांस ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली, त्या समारंभाच्या पुढाकारात लोखंडे होतेच.

त्याच वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात निकामी झाला. सत्यशोधक समाजातील स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पुरा केला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते वारले. पुस्तक 1891 साली प्रसिद्ध झाले.