गळती निर्विष करणारे थॉमस मिजली

नवी दिल्ली, १५ सप्टेंबर : एप्रिल १९३०मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे भरलेल्या अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात थॉमस मिजली यांनी एक नवा वायू छातीभर ओढून घेतला आणि तो हळूहळू सोडत समोरची मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे दोन्ही त्यांनी एकाच श्वासात दाखवून दिले. पुढे फ्रिऑन या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या वायूने घराघरांत शीतकपाट नेले, वातानुकूलनाचा मार्ग मोकळा केला. मॉन्ट्रियल कराराच्या स्मरणार्थ १६ सप्टेंबरला जगभर पाळला जाणारा ओझोन दिनही अखेर त्याच श्वासाशी जोडलेला आहे.

मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स येथे झाला. वडीलही संशोधक होते. कॉर्नेल विद्यापीठातून १९११मध्ये त्यांनी पदवी घेतली ती यंत्र अभियांत्रिकीची. रसायनशास्त्र त्यांनी पुढे कामाच्या ओघात आत्मसात केले. १९१६मध्ये ते ओहायोतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. ही प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्सकडे गेली.

त्यांचे पहिले मोठे संशोधन शिशाचे. मोटारीच्या इंजिनातील ठोके थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळण्याचा उपाय त्यांनी डिसेंबर १९२१मध्ये शोधला. शिशाची बाधा त्यांना स्वतःलाही झाली होती आणि १९२३मध्ये त्यासाठी विश्रांतीही घ्यावी लागली होती. तरीही ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात विषबाधेने पाच कामगार दगावले, तेव्हा वार्ताहरांसमोर त्याच द्रवाने हात धुऊन आणि त्याची वाफ मिनिटभर हुंगून त्यांनी तो सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. अटलांटाच्या मेणबत्तीपूर्वीचा हा प्रयोग त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंग म्हणावा लागेल, कारण इथे त्यांना धोका ठाऊक होता.

शीतकरणाची गोष्ट वेगळी. १९२०च्या दशकातील घरगुती शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड भरलेले असे. पहिल्या दोहोंचा उग्र दर्प निदान गळतीची वर्दी तरी देई. मिथाइल क्लोराइडचा वास मंद, गोडसर. सांध्यातून तो रात्रभर झिरपला, तर झोपलेल्या माणसांना जाग येण्याची शाश्वती नसे. बर्लिनमध्ये अशाच विषारी गळतीने एका कुटुंबाचा बळी घेतल्याची बातमी वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड हलत्या भागांविना चालणाऱ्या शीतकपाटाच्या मागे लागले होते. जेथे हलता भाग नाही, तेथे गळणारे सीलही नाही, असा त्यांचा विचार. मिजली यांनी उलट दिशा धरली. यंत्र गळणारच असेल, तर गळणारी वस्तूच बदलावी.

केटरिंग यांनी १९२८मध्ये हे काम सोपवल्यावर मिजली, अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनरी यांनी ग्रंथालयातील कोष्टकांपासून आरंभ केला. कार्बन टेट्राफ्लोराइडचा उत्कलनबिंदू एका कोष्टकात उणे १५ अंश सेल्सिअस असा छापला होता. प्रत्यक्षात तो उणे १२८ आहे. या चुकीच्या आकड्यामुळेच त्यांचे लक्ष फ्लोरिनकडे गेले आणि तीन दिवसांत डायक्लोरोडायफ्लोरोमिथेन, म्हणजे आजच्या भाषेत आर-१२, हाती आला. तो बनवण्यासाठी अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या पाच छोट्या बाटल्या मागवल्या होत्या. त्यांपैकी सहज उचललेल्या एका बाटलीतून बनलेला वायू गिनीपिगवर सोडला. प्राणी खुशाल राहिला. दुसऱ्या बाटलीच्या वायूने मात्र तो मेला. उरलेल्या बाटल्यांतील अशुद्धीमुळे फॉस्जीन तयार होत होता. पहिल्यांदा त्यांतलीच एखादी हाती लागली असती, तर हा नाद कदाचित सोडून दिला असता, अशी कबुली मिजली यांनी नंतर दिली. १९३०मध्ये जनरल मोटर्स आणि ड्यूपॉन्ट यांनी उत्पादनासाठी कायनेटिक केमिकल्स ही कंपनी काढली.

गळती आता जीव घेत नव्हती, पण ती कळतही नव्हती. वास नाही, रंग नाही, खोकला नाही. यंत्र थंडावा देईनासे झाले की मगच शंका येई. त्यासाठी हॅलाइड दिवा वापरात आला. त्याची ज्योत तांब्याच्या तापलेल्या पट्टीवर खेळवत ठेवायची आणि हवा ओढणारी नळी सांध्यांवरून फिरवायची. क्लोरीनयुक्त वायू आत आला की ज्योत हिरवी होते. ज्योतीने न पेटणारा हा वायू पुढे ज्योतीनेच पकडला गेला.

मिजली यांना १९३७मध्ये पर्किन पदक आणि १९४१मध्ये प्रीस्टली पदक मिळाले. १९४०मध्ये पोलिओने त्यांना अपंग केले. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी दोर आणि कप्प्यांची रचना स्वतः केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी वर्दिंग्टन येथील घरी त्याच दोरांत गळा आवळून त्यांचा मृत्यू झाला. वय ५५. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

झिरपलेला आर-१२ कोठे जातो, हा प्रश्न त्यांच्या हयातीत विचारलाच गेला नाही. हवेत त्याचे आयुष्य सुमारे १०० वर्षे. १९७४मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवले, की तो स्थितांबरात पोहोचून क्लोरीन सोडतो आणि ओझोन नष्ट करतो. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. भारत १९९२मध्ये त्यात सामील झाला.

घरच्या एसीत त्याच कुळातील आर-२२ दीर्घकाळ वापरला गेला. त्याच्या जागी आर-४१०ए आणि आर-३२ आले. यांत क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही आणि हॅलाइड दिव्याची ज्योतही हिरवी होत नाही. मात्र आर-३२ची उष्णता धरण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट, तर आर-४१०एची २००० पटींहून अधिक धरली जाते. एक किलो गळती म्हणूनच किरकोळ नव्हे.

गॅस संपला हा घरोघरी ऐकू येणारा शब्दप्रयोग मुळातच चुकीचा. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, इंधनासारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कोठून तरी गेला. फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्व्ह, इनडोअर कॉइलचे वाकलेले सांधे ही नेहमीची ठिकाणे. तेथे तेलाचा ओशट डाग दिसला तर माग लागलाच. कॉइलवर बर्फ जमणे हीही एक खूण. चोख मेकॅनिक कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहतो, साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधतो, सांधा पुन्हा ब्रेझ करतो किंवा नट बदलतो, मग व्हॅक्युम पंपाने नळ्या रिकाम्या करून पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तराजूवर मोजून भरतो. नुसता टॉप-अप करणाऱ्याचे काम अर्ध्या तासात होते; पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा येतो.

आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. काही एसींत आता प्रोपेन, म्हणजे आर-२९०, भरला जातो. तो तर सहज पेटतो. त्यामुळे गळती शोधताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, देवघरातला दिवा विझवावा लागतो आणि मेणबत्ती खोलीत असता कामा नये.