कोंबड्यांचे दुखणे आणि डॉक्टर आइकमान

आंजर्ल्यासारख्या कोकणातील गावी भात हेच माणसांचे मुख्य अन्न. पूर्वी घरोघरी भात घिरटावर भरडीत आणि उखळात बेताने सडीत. दाण्यावरचे तांबूस आवरण त्यामुळे पुष्कळसे तसेच राही. सडताना निघालेला कोंडा अंगणातील कोंबड्या आवडीने टिपीत. या क्षुद्र वाटणाऱ्या कोंड्याचे मोल ज्यांच्या प्रयोगांमुळे जगाला कळू लागले, त्या डॉक्टरांचे नाव क्रिस्तीआन आइकमान.

आइकमान यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी नेदर्लंड्स देशातील नायकेर्क या गावी झाला. त्यांचे वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. ॲम्स्टरडॅम येथे लष्करी वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८८३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि ते डचांच्या ताब्यातील जावा-सुमात्रा बेटांत लष्करी डॉक्टर म्हणून गेले. परंतु तेथील हिवतापाने ते इतके खंगले, की १८८५ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. प्रकृती सुधारताच ते बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्याकडे जंतुशास्त्र शिकण्यास गेले. क्षयाचे जंतू शोधून काढणाऱ्या कॉख यांची कीर्ती तेव्हा सर्वत्र पसरली होती, आणि प्रत्येक रोगाच्या मुळाशी कोणता तरी जंतू असला पाहिजे, असे बहुतेक डॉक्टरांना वाटू लागले होते.

त्या काळी जावा-सुमात्रात बेरीबेरी नावाच्या रोगाने थैमान घातले होते. या रोगात पाय बधिर व लुळे होतात, अंगावर सूज येते आणि अखेरीस हृदय थकून रोगी दगावतो. शिपाई, खलाशी, कैदी असे शेकडो लोक त्याला बळी पडत. या रोगाचा जंतू शोधण्यासाठी सरकारने १८८६ साली एक मंडळ जावाला धाडले. त्यात आइकमान होते. मंडळाचे प्रमुख परत गेले, तरी आइकमान मागे राहिले आणि १८८८ साली बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, येथील प्रयोगशाळेचे संचालक झाले.

प्रयोगासाठी त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. १८८९ च्या सुमारास एके दिवशी त्या कोंबड्या लडखडू लागल्या. त्यांच्या पायांतील बळ गेले, माना मागे वळल्या, आणि अनेक मरून पडल्या. बेरीबेरीच्या रोग्यांसारखीच ही लक्षणे होती. आइकमान यांनी जंतूचा कसून शोध घेतला. आजारी कोंबड्यांचे रक्त निरोगी कोंबड्यांना टोचून पाहिले. पण न टोचलेल्या कोंबड्याही तशाच आजारी पडल्या. जंतू काही सापडेना. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ते दुखणे आले तसे अकस्मात नाहीसे झाले!

दुसरा एखादा संशोधक तेवढ्यावर समाधान मानून गप्प बसला असता. आइकमान मात्र कोंबड्यांच्या दाण्यापाण्याची चौकशी करू लागले. तेव्हा असे कळले, की जूनपासून प्रयोगशाळेचा नोकर खर्च वाचविण्यासाठी लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून उरलेला भात आणून कोंबड्यांना घालीत असे. हा भात शुभ्र, घोटून गुळगुळीत केलेल्या तांदळाचा होता. पुढे तेथे नवा आचारी आला. लष्कराचा भात लष्कराबाहेरच्या कोंबड्यांना देणे त्याला पटेना. तो भात बंद झाला, आणि कोंबड्या बऱ्या झाल्या.

मग आइकमान यांनी मुद्दाम प्रयोग केले. पांढरा तांदूळ दिला की कोंबड्या आजारी पडत. असडी तांदूळ किंवा कोंडा दिला की त्या सावरत. जंतूच्या शोधासाठी आलेल्या या संशोधकाला आता जंतूची कल्पनाच सोडून द्यावी लागली. ज्या विद्येवर भरवसा ठेवून आपण आलो, तिच्या उलट पुरावा समोर उभा राहिला, तरी त्यांनी तो झाकून ठेवला नाही.

जे कोंबड्यांना लागू पडले, ते माणसांनाही पडेल काय? त्यांचे स्नेही डॉ. फोर्डरमान यांनी जावातील सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ मिळे तेथे सुमारे चाळीस कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होई. असडी तांदूळ मिळे तेथे दहा हजारांत जेमतेम एकाला.

तांदळातील पिष्टात विष असावे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा असावा, असा आइकमान यांचा तर्क होता. हा तर्क बरोबर नव्हता. १८९६ साली प्रकृती ढासळल्यामुळे ते मायदेशी परतले. त्यांचे काम पुढे चालविणाऱ्या खेरिट ग्रीन्स यांनी १९०१ साली खरे कारण सांगितले : कोंड्यात शरीराला अवश्य असे एक द्रव्य असते, आणि ते न मिळाल्याने हा रोग होतो. त्या द्रव्याला आज आपण ब-१ जीवनसत्त्व म्हणतो.

१८९८ पासून आइकमान उट्रेख्ट विद्यापीठात प्राध्यापक होते. १९२९ साली त्यांना फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आजारपणामुळे ते स्वीकारण्यास त्यांना जाता आले नाही. ५ नोव्हेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

आज ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात जीवनसत्त्वे मोजून मिसळतात. कोंबडी लंगडू लागली, की पशुवैद्य जंतूंप्रमाणेच तिच्या खाद्याचीही चौकशी करतो. कोकणातल्या उकड्या तांदळाच्या पेजेतही हेच गुपित आहे : भात सालासकट उकडल्याने कोंड्यातील ते जीवनसत्त्व दाण्यात उतरते आणि सडल्यावरही बरेचसे टिकून राहते. आपल्या आज्यापणज्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते. ते कळण्याची वाट काही आजारी कोंबड्यांनी आणि त्यांच्याकडे बारकाईने पाहणाऱ्या एका डॉक्टरने मोकळी केली.