सोपाऱ्याचे पुण्ण स्थविर



पावसाळ्यात कळंबच्या किनाऱ्यावर उभे राहा. समुद्र असा गर्जत असतो की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. या किनाऱ्यापासून जवळच नालासोपारा आहे. आज तुम्ही ते लोकलच्या गर्दीमुळे ओळखता. प्राचीन काळी ते शूर्पारक, पालीत सुप्पारक, नावाचे मोठे बंदर होते. भगवान बुद्धांचे शिष्य पुण्ण याच बंदरातले. त्यांचे जीवन आपण नवबौद्धांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथात त्यांच्या पूर्वायुष्याची कथा आहे. तीत त्यांचे नाव पूर्ण आहे. भव नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा हा मुलगा, परंतु दासीच्या पोटचा. बाप गेल्यावर भावांमध्ये वाटणी निघाली. एका वाट्यात घर व शेते ठेवली, दुसऱ्यात दुकान व परदेशी गेलेला माल, आणि तिसऱ्या वाट्यात पूर्ण! माणूस मालमत्तेत मोजला गेला. हा अपमान आपल्या वाडवडिलांनी भोगला आहे, म्हणून तो तुम्हाला समजावून सांगावा लागत नाही. थोरल्या भावाने मात्र संपत्ती सोडून पूर्णला आपल्याकडे घेतले.

पूर्ण खचला नाही. एका मोळीवाल्याच्या लाकडांत त्याने मौल्यवान चंदन ओळखले, त्यावर भांडवल उभे केले आणि समुद्रापार व्यापार केला. एका सफरीत श्रावस्तीचे व्यापारी बुद्धवचने म्हणत होते, ती त्याच्या कानी पडली. ही कोणाची वाणी, याचा त्याने शोध घेतला. पुढे तो श्रावस्तीला गेला आणि घरदार सोडून भिक्खू झाला.

यापुढचा प्रसंग मज्झिम निकायाच्या ‘पुण्णोवाद सुत्ता’त आहे. पुण्णांनी तथागतांकडे थोडक्यात उपदेश मागितला. इंद्रियांना जे प्रिय वाटते त्याला मन चिकटले की दुःख उपजते, चिकटणे सुटले की दुःख सुटते, असा तो उपदेश होता. मग ते सुनापरांतात, म्हणजे आपल्या मुलखाकडे, निघाले. बौद्ध परंपरा सुप्पारक याच प्रांतात सांगते. तथागतांनी त्यांना सावध केले, की तिथले लोक रागीट व कठोर आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील? पुण्ण म्हणाले, की हे लोक भले आहेत, हाताने तर मारत नाहीत, असे मी मानीन. हाताने मारले तर? ढेकळे तरी मारली नाहीत. ढेकळांनंतर काठी, काठीनंतर शस्त्र, शेवटी मरण. प्रत्येक प्रश्नाला पुण्णांचे मन तयार होते. असा संयम पाहून तथागतांनी त्यांना जाण्यास संमती दिली.

त्या प्रांतात एक शिकारी त्यांना भेटला, असे दिव्यावदान सांगते. मुंडन केलेला श्रमण समोर आला म्हणजे अपशकुन झाला, असे समजून त्याने बाण रोखला. पुण्णांनी उत्तरीय बाजूला केले आणि शांतपणे सांगितले, की या पोटासाठीच मी आलो आहे, मारायचे तर इथे मार. शिकाऱ्याचा हात थांबला. पुढे तो उपासक झाला. त्या एका वर्षावासात पुण्णांनी ५०० उपासक व ५०० उपासिका धम्मात आणल्या, असे सुत्त सांगते.

पाली अट्ठकथेत आणखी एक गोष्ट आहे. पुण्ण समुद्रकाठच्या विहारात राहत होते, तेव्हा लाटांच्या आवाजाने ध्यान जमेना. अट्ठकथाकार म्हणतो, की त्यांनी ऋद्धीने समुद्र गप्प केला. चमत्कार आपण बाजूला ठेवू. पुढचा भाग मात्र माणसाचा आहे. ते दुसऱ्या डोंगरावर गेले, तिथे रात्रंदिवस पाखरांचा कलकलाट. तीही जागा त्यांनी सोडली आणि गावापासून फार दूर नाही, फार जवळ नाही अशा आरामात राहिले. त्यांनी जागा बदलली, ध्येय बदलले नाही. स्थिर मन म्हणजे ताठर मन नव्हे, हे इथे दिसते.

तुम्ही विचाराल, मग आम्ही शिव्या आणि मार सोसत बसायचे काय? मुळीच नाही. बाबासाहेबांनी आपल्याला अन्याय सोसायला शिकवले नाही. पुण्णही पळाले नाहीत, कामही थांबवले नाही. त्यांनी फक्त आपल्या मनाचा ताबा शिव्या देणाऱ्याच्या हाती दिला नाही. गावात अत्याचार झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्यासाठी आहे. फिर्याद द्या, साक्ष द्या. पण रागाने थरथरणारा माणूस साक्षीत चुकतो आणि घाबरलेला माणूस ती मागे घेतो. म्हणून शांत मन हे लढणाऱ्याचेच साधन आहे.

दुसरे संकट घरातले. देव्हारा काढला, आणि वर्षभरात मूल आजारी पडले किंवा नोकरी गेली, की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, देव सोडले म्हणून हे झाले. भीतीच्या त्या घटकेला २२ प्रतिज्ञा घेतलेला माणूसही नवस बोलून बसतो. अशा वेळी वडीलधाऱ्यांवर ओरडू नका. मुलाला डॉक्टरकडे न्या, विहारातल्या चार माणसांना बोलवा, आणि आजाराचे कारण शांतपणे समजावून सांगा.

याच किनाऱ्यावर त्याची साक्ष आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्यात करंडकात करंडक आणि सर्वांत आत सोन्याच्या करंडकात पात्राचे तुकडे मिळाले. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा कळंबजवळच्या भुईगावला १९५६ साली मिळाला. या नवव्या लेखात सम्राट सांगतो, की आजारपणात, लग्नात, प्रवासात लोक नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे धम्म: दास व नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, दान. ज्या गावात दासीपुत्र वाटणीत मोजला गेल्याची कथा आहे, त्याच भागात हा लेख कोरला गेला. आणि तो सापडला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला धम्म दिला.

या पौर्णिमेला मुलाबाळांना घेऊन सोपाऱ्याच्या स्तूपावर जा. तिथे बसून त्यांना पुण्ण स्थविरांची ही हकिकत सांगा.

नमो बुद्धाय. जयभीम.