सोनेरी नियमाचा महापौर

महापौर म्हटले की गळ्यात हार आणि मागे कार्यकर्त्यांची रांग, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येई. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराचे महापौर सॅम्युअल जोन्स यांचे चरित्र वाचले आणि ते चित्र पुसले गेले.

जोन्स यांचा जन्म १८४६ साली वेल्समधील एका गरीब घरात झाला. ते ३ वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब पोटासाठी अमेरिकेत गेले. शाळा त्यांना जेमतेम अडीच वर्षे लाभली. लहानपणापासून मजुरी करीत ते पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पोहोचले. पुढे त्यांनी तेल उपसणाऱ्या पंपाचा दांडा सुधारला व १८९४ मध्ये टोलेडोत त्याचा कारखाना काढला.

आदल्याच वर्षी देशात मंदी आली होती. कामासाठी दारात ताटकळणारी माणसे पाहून जोन्स हेलावले. इतर कारखान्यांत नियमांची लांबलचक यादी असे. यांनी भिंतीवर ख्रिस्ताचा एकच सोनेरी नियम लावला : जी वागणूक आपणास हवी, तीच दुसऱ्यास द्यावी. कामाचे तास आठ केले, पगारी रजा दिली. माझे वडील रोजंदारीवर जातात. एक खाडा म्हणजे काय, हे आमच्या घराला ठाऊक आहे. म्हणून त्या पगारी रजेचे मला फार अप्रूप वाटले.

१८९७ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे ते महापौर झाले. त्यांनी पोलिसांचे दंडुके काढून हलक्या छड्या दिल्या, पोलिसांनाही आठ तासांचा दिवस दिला. मुलांसाठी बालवाड्या व क्रीडांगणे काढली. न्यायाधीश नसताना ते पोलीस कोर्टात बसत आणि भटक्यांना, दारुड्यांना बहुधा सोडून देत. त्यांच्या मते हे लोक गरिबीमुळेच तेथे आले होते. अखेर राज्याच्या विधिमंडळाने महापौराचा तो अधिकारच काढून घेतला.

१८९९ मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारली. जोन्स अपक्ष उभे राहिले आणि सुमारे ७० टक्के मते मिळवून निवडून आले. नंतरही ते दोनदा विजयी झाले. १२ जुलै १९०४ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी ब्रँड व्हिटलॉक १९०५ मध्ये महापौर म्हणून निवडून आले व त्यांनी तेच काम पुढे नेले.

मित्रहो, मालक भला निघाला म्हणून कामगारांना आठ तास मिळाले. तो भला नसता तर? हा प्रश्न जोन्स यांनाही पडला असावा. म्हणूनच ते स्वतःच्या कारखान्यापुरते न थांबता नगरपालिकेत गेले, असे मला वाटते.